आबांच्या १०३५ चा गंजलेला गिअरबॉक्स: फोडण्यापासून पुन्हा तेल भरेपर्यंत

लातुरात 'गंज' म्हटलं की आधी गोलाई डोळ्यापुढं येते, सोळा रस्ते जिथं मिळतात ती. आमच्या घरात मात्र मागची दोन वर्षं गंज म्हणजे एकच, आबांच्या मॅसी फर्ग्युसन १०३५ च्या गिअरबॉक्समधला.

हा ट्रॅक्टर उभा राहिला २०१६ च्या उन्हाळ्यात. त्याच एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं. रानात नांगरायलाच काही नव्हतं, म्हणून आबांनी तो औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात कोठ्याशेजारी लिंबाखाली लावला, तो लावलाच. मग आबा थकले, घरात नवा ट्रॅक्टर आला आणि जुना सात-आठ पावसाळे तिथंच भिजत राहिला. गिअरच्या दांड्याखालचं रबरी बूट फाटलेलं होतं. त्या दोन बोटांच्या फटीतून दरसाल पाणी आत जात होतं आणि कुणाच्या गावी नव्हतं. दुष्काळात थांबलेला ट्रॅक्टर पाण्यानं खाल्ला, असा सगळा प्रकार.

मी धंद्यानं मिस्त्री नाही. पण चाळीस वर्षं ट्रॅक्टर खोलणारे एक मामा जवळच्या गावात आहेत. त्यांनी हात न लावता बाजेवर बसून मला सगळं करायला लावलं. खाली लिहिलंय ते त्यांच्याकडून ऐकलेलं आणि माझ्या हातून चुकलेलं, दोन्ही मिळून आहे.

आधी नक्की काय अडकलंय ते बघा

उभा राहिलेला ट्रॅक्टर ढकलला आणि हलला नाही की लोक थेट म्हणतात, 'गिअरबॉक्स जाम झालाय.' बऱ्याचदा तसं नसतं. क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, नाहीतर ब्रेकचे लायनर ड्रमला धरतात. म्हणून पाना उचलायच्या आधी अर्धा तास तपासणीला द्या.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. मागचं एक चाक जॅकवर उचला आणि अॅक्सलखाली लाकडी ठोकळा सरकवा. दांडा न्यूट्रलला घ्या. उचललेलं चाक हातानं फिरलं तर डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच) आणि त्या बाजूचा ब्रेक मोकळा आहे. फिरलं नाही तर दुसरं चाक उचलून तेच करा. एकच बाजू अडकली असेल तर संशय त्या बाजूच्या ब्रेकवर घ्या. न्यूट्रलमध्ये चाक फिरतं, पण दांडा कोणत्याच गिअरमध्ये जात नाही, तर दोष वरच्या झाकणात, शिफ्टर फोर्कमध्ये (गिअर सरकवणारा काटा) किंवा गंजलेल्या स्प्लाइनमध्ये (शाफ्टवरच्या लांब खाचा, ज्यांच्यावर गिअर सरकतो) आहे. आणि क्लच पूर्ण दाबूनही गिअरमधल्या चाकाबरोबर इंजिन फिरू बघत असेल तर क्लचप्लेट चिकटली आहे. तिच्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उघडायची गरज नाही.

आमचं चाक गिअर टाकून, क्लच दाबून फिरवलं की अर्धा फेरा फिरायचं आणि खट्‌ करून थांबायचं. मामा बाजेवरून म्हणाले, "दात्यात काहीतरी बसलंय. जोर लावू नको, तेल काढ आधी."

तेल बघा, मग झाकण

या ट्रॅक्टरच्या पोटाखाली एकाहून जास्त ड्रेन प्लग असतात. एक काढून समाधान मानू नका. प्लग एकदम काढू नका, दोन-तीन आटे ढिला करून थांबा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसलेलं असतं आणि आधी तेच येतं. आमच्यातून आधी जवळपास बादलीभर तांबूस पाणी आलं. मग दुधाच्या चहासारखं फेसाळ तेल, आणि शेवटी काळा चिखल. तळाला नुसतं पाणी निघालं तर त्या पातळीपर्यंतचे गिअर आणि बेरिंग गंजलेले धरा. तेल दुधाळ आहे पण मोकळं पाणी नाही, तर नशीब बरं आहे.

१०३५ मध्ये गिअरबॉक्स, मागचा क्राऊन-पिनियन (मागच्या चाकांना फिरवणारी गिअरची जोडी) आणि हायड्रॉलिक हे सगळं एकाच तेलावर चालतं. हायड्रॉलिकचा पंप मधल्या हाऊसिंगमध्ये याच तेलात बुडालेला असतो. म्हणजे गिअरबॉक्समधला गंज तुमच्या लिफ्टपर्यंत पोचलेला आहे. फक्त गिअर चकाचक करून मागं तोच चिखल ठेवलात तर आठवड्यात नांगर उचलायचा बंद होतो. याचं पुढं बोलूच.

आता वरचं झाकण. आधी भोवतालची माती खरवडून डिझेलनं धुवा, नाहीतर ती आतच पडते. बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारा. बाजारातलं चालतं, पण मामांचं घरगुती जास्त चाललं: पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं. बाटली दर वेळी हलवायची, कारण दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत. विडी विझवून हे काम करा. तेल मारून रात्रभर सोडा.

पान्यांबद्दल एक सांगतो, कारण याच ठिकाणी मी दोन बोल्टची डोकी गोल केली. या जुन्या घडणीत बोल्ट इंची आहेत. पाऊण इंचीवर १९ चा पाना कसाबसा बसतो, पाच अष्टमांश इंचीवर १६ चाही चालून जातो. पण अर्धा इंची म्हणजे १२.७ एमएम, त्याच्यावर १३ चा पाना ढिला, आणि गंजलेल्या बोल्टवर ढिला पाना म्हणजे डोकं गोल झालंच. इंची रिंग पाने आणि गोटी पाने मागून आणा, चार दिवसांसाठी का होईना.

न निघणारा बोल्ट आधी किंचित आवळायचा, मग उलटा. गंजाची पकड आवळताना तुटते. तरीही हलला नाही तर भोवतालचं बीड गॅसनं तापवा आणि तापलेल्या आट्याजवळ मेणबत्ती टेकवा, मेण आत ओढलं जातं. तेलकट चिखल पुसल्याशिवाय आणि डिझेलची बादली लांब ठेवल्याशिवाय गॅस पेटवू नका.

ट्रॅक्टर फोडणे

गिअरबॉक्स बाहेर काढायचा तर ट्रॅक्टर दोन ठिकाणी फोडावा लागतो: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये, आणि गिअरबॉक्स व मागच्या हाऊसिंगच्या मध्ये. फक्त वरून दिसणारा फोर्क किंवा दांडा दुरुस्त करायचा असेल तर हे करू नका. पाणी तळाला गेलेलं असेल तर मात्र दुसरा इलाज नाही.

बॅटरीच्या वायरी काढा. स्टिअरिंगचे रॉड, ब्रेकचे आणि क्लचचे रॉड, अॅक्सिलरेटरची लिंक, वायरिंग, डिझेलच्या नळ्या, फूटबोर्ड, सगळं सोडवा. प्रत्येक जोडाचा फोटो काढा आणि प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्याला भोक पाडून त्याच्या जागीच खोवा. मी पुठ्ठ्यावर ट्रॅक्टरचं चित्र काढलं होतं. पुतणी म्हणाली हत्ती दिसतोय, पण बोल्ट एकही चुकला नाही.

जीवाशी खेळ होतो तो या टप्प्यावर. पुढचा अॅक्सल मधल्या पिनवर झुलतो. इंजिन सुटं झालं की ते एका बाजूला कलंडू शकतं. म्हणून अॅक्सल आणि त्याच्या सपोर्टच्या मध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घट्ट ठोका, मगच बोल्टला हात लावा. इंजिनखाली एक आधार, गिअरबॉक्सखाली दुसरा, मागच्या हाऊसिंगखाली तिसरा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, जॅक उचलायला असतो, धरायला ठोकळा. चेनपुली असेल तर उत्तम, पण ती लिंबाच्या फांदीला बांधू नका. आम्ही लोखंडी खांबांची घोडी भाड्यानं आणली. जमीन काळी, भेगाळलेली, म्हणून ठोकळ्यांखाली जुन्या फळ्या टाकल्या. काळ्या रानात ठोकळा कधी रुतेल सांगता येत नाही.

पुढचा जोड सुटताना क्लचची धूळ उडते. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या.

आतलं काढताना

वरचं झाकण उचललं की शिफ्टरच्या सळ्या आणि फोर्क दिसतात. सळईच्या खाचेत स्प्रिंगवर बसलेली एक गोळी असते, गिअर जागेवर धरून ठेवणारी. सळई ओढली की गोळी बंदुकीसारखी सुटते. भोकावर फडकं धरून सळई सरकवा. मी धरलं नव्हतं. गोळी शेजारच्या कडब्यात गेली आणि जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन दीड तास कडबा चाळला तेव्हा सापडली. मामा बाजेवर आडवे होऊन हसत होते.

दोन सळ्यांच्या मध्ये एक छोटी पिन असते, ती एकाच वेळी दोन गिअर पडू देत नाही. ती हमखास विसरते. परत बसवताना राहिली तर ट्रॅक्टर एके दिवशी दोन गिअरमध्ये अडकून जागेवर खिळतो आणि दाते तुटतात. तिला वेगळ्या डबीत ठेवा.

१०३५ ची रचना समजून घेतली की भीती जाते. हा स्लायडिंग मेशचा डबा आहे. सरळ दात्याचे गिअर स्प्लाइनच्या शाफ्टवर सरकून दुसऱ्या गिअरला जाऊन भिडतात, सिंक्रोनायझर वगैरे काही नाही. मुख्य डब्यात तीन पुढचे आणि एक मागचा. त्याच्या पाठीमागं हाय-लोचा प्लॅनेटरी संच (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर), तो प्रत्येकाचे दोन करतो. म्हणून एकूण सहा पुढचे, दोन मागचे. इंजिनाकडून इनपुट शाफ्ट येतो, खालच्या लेशाफ्टला, म्हणजे मधल्या जोडशाफ्टला, फिरवतो, लेशाफ्ट वरच्या मेनशाफ्टवरच्या गिअरला. ड्युअल क्लच असेल तर इनपुट शाफ्टभोवती पीटीओचा (मागं जोडलेलं यंत्र फिरवणारा) पोकळ शाफ्ट असतो आणि दोघांच्या मधलं सील बाहेरून दिसत नाही. तेल क्लचमध्ये जात असेल तर ते सील गेलेलं असतं.

काढताना आधी मागून प्लॅनेटरीचा संच घ्या. थ्रस्ट वॉशर कोणत्या बाजूला तोंड करून होते ते फोटोत पकडा. प्लॅनेट पिनियनच्या आत सुया असतात, सुई बेरिंगच्या. ताटात फडकं पसरून तिथंच खोला आणि प्रत्येक पिनियनच्या सुया मोजून वेगवेगळ्या डबीत ठेवा. एक कमी निघाली तर ती डब्यात कुठंतरी आहे, आणि ती सापडेपर्यंत जेवायला जाऊ नका.

मग पुढचं रिटेनर (शाफ्टला जागेवर धरणारं झाकण) आणि इनपुट शाफ्ट, मग मेनशाफ्ट, शेवटी लेशाफ्ट आणि रिव्हर्सचा आयडलर (मागं जाताना फिरणं उलटवणारा मधला गिअर). आमचा आयडलरचा शाफ्ट बीडाच्या भोकात गंजून बसला होता. मी लोखंडी दांड्यावर घण मारला. शाफ्टचं टोक भुछत्रासारखं पसरलं, आता तो भोकातून निघणार कसा? "ठोकायलास कशाला? त्याला वेळ दे की," एवढंच मामा बोलले. पसरलेलं टोक कानशीनं घासून काढण्यात सगळी दुपार गेली. ठोकायचंच तर पितळी दांड्यानं, आणि आधी दोन रात्री तेल पाजून. तिसऱ्या सकाळी तो शाफ्ट चार हलक्या ठोक्यांत निघाला.

आमच्या चाकाचा तो अर्धा फेरा आणि खट्‌ कशानं होत होतं ते याच वेळी सापडलं. लेशाफ्टच्या दोन दात्यांच्या खोबणीत गंजाचा दगडासारखा थर बसला होता. पाण्याची पातळी जिथं उभी होती नेमकी तिथं.

डाग की खड्डा

सगळ्या कामातला निर्णयाचा भाग हा. बाकीची नुसती मेहनत आहे. गंजलेला गिअर बघून घाबरलेला माणूस अख्खा डबा भंगारात घालतो, आणि बेफिकीर माणूस घासून पुसून सगळं परत बसवतो. दोघांचेही पैसे जातात.

प्रत्येक गिअर डिझेलनं धुऊन कोरडा करा, उन्हात न्या आणि नख फिरवा. लाल-तपकिरी रंग आहे पण नख अडकत नाही, तर तो डाग. साफ करा, वापरा. नख अडकलं तर खड्डा. मग तो खड्डा कुठं आहे ते बघा.

गिअरच्या सपाट बाजूवर, जिथं दुसरा दाता टेकतच नाही, तिथं खड्डे असले तरी बिघडत नाही. दात्याच्या अंगावर, समोरचा दाता जिथं घासतो त्या पट्ट्यात खड्डे असतील तर वाईट. गिअरचं वरचं कातडं कडक केलेलं असतं, साधारण एक एमएमच्या आसपास. खड्ड्याच्या कडेनं ते कातडं भाराखाली सोलपटत जातं. एखाद-दुसरा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका असेल तर मी ठेवीन, पट्टाभर असतील तर नाही. आणि दात्याच्या मुळाशी खड्डा असेल तर तो लहान असला तरी गिअर बाद. दाता वाकतो तो मुळाशी, तडा तिथूनच जातो. लोक उलटं करतात: अंगावरचा मोठा डाग बघून गिअर फेकतात आणि मुळातला बारीक खड्डा बघतसुद्धा नाहीत.

स्लायडिंग मेशमध्ये गंजाइतकीच जुन्या वापराची झीजही बघा. दाते ज्या टोकाकडून भिडतात ती टोकं बोथट, गोल, कधी तुटलेली असतात. थोडी गोलाई असणारच. पण दाता एका बाजूला निमुळता झाला असेल तर भाराखाली गिअर आपोआप सुटतो. आबा सांगायचे, दुसरा गिअर गुडघ्यानं धरून बसावं लागायचं. तो दोष गंजाचा नव्हताच, फोर्कची झिजलेली टोकं आणि मेलेली स्प्रिंग होती. एक गिअर बदलायचा असेल तर त्याचा जोडीदार तपासल्याशिवाय बदलू नका, नवा दाता जुन्या झिजलेल्या दात्यावर गुरगुरत चालतो.

बेरिंगच्या बाबतीत मात्र विचारच नाही. गंजाचा ठिपका दिसला की बेरिंग बाद. धुऊन, हवा मारून फिरवल्यावर छान वाटतं, पण गोळी त्या खड्ड्यावरून हजारो वेळा जाते आणि धावपट्टी उखडते. नवीन बेरिंग घ्यायला जाताना जुनं सोबत न्या आणि कडेवर कोरलेला नंबर वाचा. ६३०८ असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणा, आतलं भोक ४० एमएम. नंबरापुढं एन असेल तर बाहेरच्या कड्यावर लॉकची खाच आहे, ती नसलेलं बेरिंग दुकानदार 'बसतं की' म्हणून देतो आणि ते बसत नाही. दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण असलेलंही घेऊ नका, डब्यातलं तेल आत जायला उघडं बेरिंगच हवं. मोंढ्यातल्या एका दुकानानं मला नामांकित कंपनीच्या खोक्यात भलतंच बेरिंग दिलं होतं. कोरलेली अक्षरं फिकट, अंतर वाकडंतिकडं. ताडून बघा, बिल घ्या.

जुना गिअर बदलायचा तर नवा मिळाला तर बरं, नाहीतर भंगार बाजारात त्याच मॉडेलचा शोधावा लागतो. फोनवर नुसतं 'सेकंडचा गिअर' म्हणून मागवू नका. काढलेला गिअर पिशवीत घालून न्या, दाते मोजा, स्प्लाइन मोजा, त्याच्या भोकातून आपला शाफ्ट सरकवून बघा.

गंज उतरवणे

संडास धुवायचं अॅसिड गिअरला लावू नका. गंज पाच मिनिटांत जातो हे खरं, पण कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं आणि दाता बांगडीसारखा तडकतो. शिवाय अॅसिडची वाफ शेजारच्या चांगल्या भागांनाही गंज आणते.

आम्ही काकवी वापरली. एक भाग काकवी, नऊ-दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या टाकीत. कारखान्याची मळी अजून स्वस्त पडेल, पण तिच्यावर सरकारी बंधनं आहेत, गुऱ्हाळावरची काकवी सरळ. भाग पूर्ण बुडाले पाहिजेत, अर्धवट बुडाला तर पाण्याच्या रेषेवर नवी खाच पडते. एक ते दोन आठवडे लागतात, थंडीत जास्त. दर दोन-तीन दिवसांनी काढून नायलॉनच्या ब्रशनं घासून बघा. वास असा सुटतो की आईनं टाकी कोठ्यापलीकडं न्यायला लावली. पितळ, अॅल्युमिनियम आणि बेरिंग यात टाकू नका, आणि काम झालं की भाग आत विसरू नका.

झाकणं, फोर्कचे सांगाडे अशा भागांना घाई असेल तर वीज वापरता येते. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण तार भागाला, धन तार भंगार लोखंडाच्या पट्टीला. दोन्ही एकमेकांना शिवता कामा नयेत. पट्टी स्टेनलेसची घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुडे येतात तो हायड्रोजन, म्हणून उघड्यावर करा आणि जवळ ठिणगी नको. कडक गिअर मी यातही घातले नाहीत.

बाहेर काढलेला भाग ओला असताना हवेत पाच मिनिटं राहिला तरी पिवळा पडतो. पाण्यानं धुवा, लगेच हवेनं वाळवा, लगेच तेलात बुडवा. स्प्लाइन बारीक पॉलिश पेपर आणि तेलानं हातानं घासा, ग्राइंडर नको. परीक्षा सोपी आहे: शाफ्ट उभा धरला तर गिअर स्वतःच्या वजनानं खाली सरकला पाहिजे.

ऑईल सील जिथं फिरतं तिथं शाफ्टवर गंजाची रेघ असेल तर नवं सीलही गळतं. जागा असेल तर सील दोन-तीन एमएम पुढंमागं बसवा म्हणजे त्याची ओठपट्टी चांगल्या भागावर येते. नसेल तर लेथवाल्याकडून बारीक स्लीव्ह चढवून घ्या.

रिकामं हाऊसिंग धुतल्यावर तडा शोधायची एक जुनी युक्ती. संशयाच्या जागी रॉकेल लावा, पंधरा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची पूड घासा. तडा असेल तर पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. आमच्या हाऊसिंगवर उमटली नाही, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की हा ट्रॅक्टर चालेल.

परत बसवणे

उलट्या क्रमानं बसवा, एवढंच पुस्तकं सांगतात. बोलायचं ते बेरिंगबद्दल. शाफ्टवर चढवताना ठोका आतल्या कड्यावर, हाऊसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या. चुकीच्या कड्यावर मारलेला एक ठोका धावपट्टीवर गोळ्यांचे ठसे उमटवतो आणि नवं बेरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. त्यापेक्षा बेरिंग तेलात शंभर अंशांच्या आसपास तापवा, ते शाफ्टवर हातानं घसरतं. १२० च्या वर नेऊ नका. तेलात बेरिंग तळाला टेकू देऊ नका, तारेनं अधांतरी टांगा. आणि बेरिंग गार असताना हाऊसिंगमध्ये नुसतं हातानं सुळकन्‌ गेलं तर खूश होऊ नका, भोक खाल्लेलं आहे. लेथवर बुश करून घ्यावं लागेल.

सुया ग्रीसमध्ये चिकटवून बसवा, मोजून. थ्रस्ट वॉशर फोटोप्रमाणं. शाफ्टचा पुढंमागं खेळ फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तपासा आणि तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका, मामांच्यासुद्धा. त्यांनीच तसं सांगितलं.

पॅकिंग विकतचं मिळतं, पण पॅकिंग पेपर हाऊसिंगवर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीनं कडेनं हलकं ठोकत गेलं की तसंच कापून निघतं. जुन्या पॅकिंगच्या जाडीचाच कागद घ्या, रिटेनरखालची जाडी बदलली की शाफ्टचा खेळ बदलतो. सीलंट पातळ लावा. भरमसाट लावलेलं आत सुटतं आणि पंपाच्या जाळीत जाऊन बसतं.

ट्रॅक्टर जोडायच्या आधी मधल्या हाऊसिंगचं बाजूचं झाकण काढा आणि तो चिखल हातानं, चिंधीनं, डिझेलनं पूर्ण काढा. पंपाची जाळी धुवा. आम्ही सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हेच करत होतो आणि चिंध्यांसाठी आईचं जुनं लुगडं संपलं.

वरचं झाकण लावायच्या आधी हातानं इनपुट शाफ्ट फिरवत सगळे गिअर एकेक टाकून बघा, हाय आणि लो दोन्हीत. हलकं फिरलं पाहिजे, कुठंच घट्ट-ढिलं नको. दांड्याचं नवं बूट याच वेळी बसवा.

तेल आणि पहिले दिवस

तेल कंपनीच्या पुस्तकातल्या ग्रेडचंच भरा. हायड्रॉलिक याच तेलावर असल्यामुळं 'गिअरला जाड तेल चांगलं' म्हणून १४० नंबरचं ओतणारे पंप उपाशी ठेवतात. डिपस्टिकच्या खुणेपर्यंत भरा, इंजिन चालवून बंद करा आणि पुन्हा बघा. तेल आत पसरतं, पातळी उतरते.

पहिल्यांदा मागची दोन्ही चाकं उचलून ठोकळ्यांवर चालवा. लहान आरपीएमवर एकेक गिअर पाच मिनिटं. स्लायडिंग मेश आहे, म्हणून गाडी थांबवून, क्लच पूर्ण दाबून, क्षणभर थांबून मगच गिअर टाका. एका लयीत सरळ दात्यांचा हुंकार येणारच, तो या डब्याचा आवाज आहे. ठराविक फेऱ्याला टक्‌टक्‌ आली तर दात्यात काहीतरी आहे. सतत खरखर आली तर बेरिंग.

पहिले दहा तास नांगर लावू नका. रिकामी ट्रॉली, हलकी वखरणी एवढंच. मग तेल गरम असतानाच काढा. महाग वाटतं, तरी काढा. कितीही धुतलं तरी कोपऱ्यातला गंज या तेलात उतरतो. काढलेलं तेल पांढऱ्या परातीत ओतून उन्हात बघा आणि तळ लोहचुंबकानं फिरवा. चुंबकावर काजळीसारखी मऊ करडी पेस्ट आली तर ठीक. चमचमणारे कण किंवा टवके आले तर वरचं झाकण पुन्हा उघडायचं, आजच. आमच्या परातीत पेस्ट होती आणि तिच्यात एक गंजका, इंचभर जुना कॉटर पिनचा तुकडा. आमच्या सगळ्या कॉटर पिना नव्या होत्या, मोजलेल्या होत्या. तो आबांच्या आधीच्या कुठल्यातरी मिस्त्रीचा असणार. मी तो पुठ्ठ्यावरच्या हत्तीला टोचून ठेवला आणि नवं तेल ओतलं.